शाळेसाठी मानसिक आरोग्याचा कार्यक्रम : कुठला घ्यावा, कुठला दारातूनच परत पाठवावा

दिवाळीची सुट्टी संपली की मुख्याध्यापकांच्या टेबलावर रंगीत माहितीपत्रकं साचायला लागतात. ‘तणावमुक्त परीक्षा’, ‘सकारात्मक किशोरवय’, ‘माइंडफुल स्कूल’, शिवाय मुलांनी रोज आपला मूड टिपायचा असं एखादं ॲप. पालक-शिक्षक संघाच्या सभेत कुणीतरी विषय काढतं आणि उरलेल्या निधीतून काहीतरी करून टाकायचं ठरतं. किशोरवयातली चिंता आणि नैराश्य रोखण्यासाठी शाळांना जे विकलं जातं किंवा फुकट दिलं जातं, त्यातल्या प्रमुख कार्यक्रमांचं हे परीक्षण. कसोटी एकच : कार्यक्रम घेतलेल्या आणि न घेतलेल्या शाळांची तुलना केल्यावर मुलांमध्ये काय फरक दिसला. व्हिडिओ किती देखणा आणि वक्ता किती हसवतो, याला इथे गुण नाहीत.

सगळ्यात जास्त खपणारा माल आधी निकालात काढू. जानेवारीत दहावी-बारावीच्या मुलांना सभागृहात बसवून होणारं दीड तासाचं व्याख्यान. तीनशे मुलं, एक माईक, शेवटी ‘कुणाला काही विचारायचंय का?’ आणि मागच्या रांगेतून खसखस. ज्या मुलीची झोप ऑगस्टपासून उडालेली आहे ती तिथे हात वर करणार नाही, आणि केलाच तर तिचं काय करायचं हे वक्त्याला माहीत नसतं. तो संध्याकाळच्या गाडीने परत जाणार असतो. शुद्ध वरातीमागून घोडं. नुकसान पैशांचं फारसं नाही. शाळेला ‘आमच्याकडे झालं की’ असं म्हणायची सोय होते आणि पुढच्या जानेवारीपर्यंत विषय बंद पडतो, हे खरं नुकसान.

आता अपेक्षा किती ठेवायची ते. 2021 साली जगभरातल्या 118 चाचण्यांचा, म्हणजे 45,924 विद्यार्थ्यांचा एकत्रित हिशोब मांडला गेला. शालेय कार्यक्रमांचा परिणाम नैराश्यावर 0.21 आणि चिंतेवर 0.18 प्रमाण विचलनाएवढा निघाला. साध्या भाषेत सांगायचं तर, नैराश्य मोजायच्या नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू-9 या तक्त्यात कमाल गुण 27 असतात. तिथे हा फरक सरासरी एका गुणाच्या आसपास पडतो. एखाद्या मुलाच्या बाबतीत तो जाणवणारही नाही, हजार मुलांच्या शाळेत थोडा जाणवेल. याच हिशोबात आणखी दोन गोष्टी दिसल्या. नैराश्यावर सगळ्या वर्गाला सरसकट दिलेल्या कार्यक्रमापेक्षा ज्यांना आधीच त्रास किंवा धोका आहे अशा मुलांसाठी घेतलेल्या कार्यक्रमाचा परिणाम जास्त; चिंतेच्या बाबतीत दोन्ही सारखेच. आणि नैराश्याच्या बाबतीत वर्गशिक्षकापेक्षा बाहेरून आलेल्या प्रशिक्षित माणसाने घेतलेले तास जास्त उपयोगी. ‘नैराश्य निम्म्याने घटेल’ असं माहितीपत्रकात छापलेलं असेल तर ते तिथेच मिटवून ठेवावं.

सरसकट तास : इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातला धडा

सजगतेचा, म्हणजे माइंडफुलनेसचा, अभ्यासक्रम आपल्याकडच्या खासगी शाळांत सध्या जोरात आहे. त्याचा परदेशातला सगळ्यात प्रसिद्ध नमुना म्हणजे ब्रिटनमधला ‘डॉट-बी’. दहा तास, छापील साहित्य, आणि शिकवणारे शिक्षक आधी स्वतः आठ आठवड्यांचा सजगतेचा वर्ग करून आलेले. तयारीत खोट काढायला जागा नाही. ‘मिरियड’ या चाचणीत 85 शाळा आणि 8,376 मुलं घेऊन तो तपासला गेला आणि 2022 मध्ये निकाल लागला : नेहमीच्या भावनिक-सामाजिक शिक्षणाच्या तासांपेक्षा काहीही जास्त फायदा नाही. ज्या मुलांना आधीपासून त्रास होता, त्यांची अवस्था काही मोजमापांवर किंचित वाईटच.

कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. घरी सराव करायचा होता, तो बहुतेक मुलांनी केलाच नाही. तेरा वर्षांच्या मुलाला दुपारच्या पाचव्या तासाला ‘डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या’ म्हटलं की शेजारचा कोपर मारतो, तिसरा घोरण्याचा आवाज काढतो. ज्याच्या डोक्यात खरोखरच काहूर आहे त्याला मात्र ते काहूर शांततेत आणखी स्पष्ट ऐकू येतं, आणि त्याच्याशी बोलायला त्या क्षणी कुणी मोकळं नसतं.

ऑस्ट्रेलियातल्या ‘वाइज टीन्स’चं उदाहरण याहून बोलकं आहे. भावना प्रचंड अनावर होणाऱ्या रुग्णांसाठी बनलेली डीबीटी ही उपचारपद्धती आठ आठवड्यांच्या वर्गतासांत बसवली आणि 1,071 विद्यार्थ्यांच्या अभ्यासात तपासली. 2023 साली आलेल्या निकालात कार्यक्रम घेतलेल्या मुलांची चिंता आणि नैराश्य तुलनेच्या गटापेक्षा जास्त, आणि आईवडिलांशी संबंध बिघडलेले. घरी नियमित सराव करणाऱ्या मोजक्या मुलांचं चित्र त्या मानाने बरं होतं. औषध दवाखान्यातलं, ते पाण्याच्या टाकीत ओतून सगळ्या गावाला पाजायचं, असा हा प्रकार. त्याआधी, 2012 मध्ये, ब्रिटनमधल्या आठ शाळांत 5,030 मुलांवर ‘रॅप’ हा विचार-वर्तन पद्धतीवरचा वर्गकार्यक्रम तपासला होता. तिथेही नेहमीच्या तासांपेक्षा वेगळं काही हाती लागलं नाही.

म्हणून कुणी ‘उपचारांत सिद्ध झालेलं तंत्र’ म्हणून काही दाखवलं, तर ते शाळेतल्या सरसकट वर्गात सिद्ध झालंय का, हा पुढचा प्रश्न विचारावा. बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

एक अपवादासारखा निकाल लक्षात ठेवण्याजोगा आहे. ‘फ्रेंड्स’ हा चिंता कमी करण्याचा ऑस्ट्रेलियात बनलेला कार्यक्रम ब्रिटनमधल्या 40 प्राथमिक शाळांत नऊ-दहा वर्षांच्या 1,362 मुलांना दिला गेला. अर्ध्याअधिक गमतीचा भाग असा की पुस्तक तेच, तास तेच. फक्त काही शाळांत ते बाहेरच्या आरोग्य-कार्यकर्त्यांनी घेतले आणि काही शाळांत शाळेच्याच माणसांनी. वर्षभराने चिंता कमी झालेली दिसली ती पहिल्या गटात. पुढे दोन वर्षांपर्यंत हा फायदा टिकला नाही, हेही सांगायला हवं.

सेहर : या यादीतला सगळ्यात दमदार कार्यक्रम

तास बाहेरच्या माणसाने घ्यावेत की शिक्षकाने, हा प्रश्न भारतात सगळ्यात सरळ विचारला तो गोव्यातल्या ‘संगात’ या संस्थेने, बिहारच्या नालंदा जिल्ह्यात. ‘सेहर’ नावाचा कार्यक्रम नववीच्या मुलांसाठी 74 सरकारी माध्यमिक शाळांत चालवला. शाळांचे तीन गट केले. एका गटात प्रत्येक शाळेला एक ‘सेहर मित्र’ मिळाला, म्हणजे मानसशास्त्रातली पदवी नसलेला, पण प्रशिक्षण आणि देखरेख असलेला समुपदेशक. दुसऱ्या गटात तेच काम शाळेतल्याच एका शिक्षकाला प्रशिक्षण देऊन सोपवलं. तिसऱ्या गटात नेहमीचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम. निकाल 2018 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. समुपदेशकाच्या शाळांत शाळेचं वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं घटली, दादागिरी आणि मारामाऱ्या कमी झाल्या. शिक्षकांच्या शाळांत? तिसऱ्या गटापेक्षा काही फरक नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा मोजलं तेव्हा पहिल्या गटाचा फायदा आणखी वाढलेला होता. परीक्षणात आलेल्या बाकी बहुतेक कार्यक्रमांचा परिणाम काळानुसार ओसरतो. इथे उलटं झालं.

सेहरमध्ये ‘नैराश्य म्हणजे काय’ असा धडा मध्यभागी नाही. काम तीन थरांवर चालतं. सगळ्या शाळेसाठी परिपाठातली छोटी सत्रं, भित्तिपत्रक, स्पर्धा, तक्रारपेटी आणि शाळेची एक आरोग्य समिती. गटासाठी विद्यार्थी मित्रगट आणि शिक्षक-विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा. आणि गरज असलेल्या मुलासाठी एकट्याने बसून बोलणं. मूल त्या खोलीपर्यंत पोचतं ते वरच्या दोन थरांमुळे. महिनाभर भित्तिपत्रकाला मजकूर मागायला येणारा दादा किंवा ताई ओळखीची झालेली असते, मग तिच्या दारावर टकटक करणं म्हणजे ‘वेडा ठरणं’ राहत नाही.

पेटीचंच जवळून बघू, कारण आपल्याकडे तक्रारपेटी बहुतेक शाळांत असते आणि बहुतेक शाळांत रिकामी असते. ती लावलेली असते मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर, शिपाईमामांच्या स्टुलाच्या वर, सीसीटीव्हीच्या बरोबर समोर. कुलपाची चावी कार्यालयात. आत दोन चॉकलेटचे कागद आणि मागच्या वर्षीची एक चिठ्ठी. चालणारी पेटी वेगळ्या जागी असते : जिन्याच्या वळणावर, वाचनालयाच्या कोपऱ्यात, मुली आणि मुलगे दोघंही एरवी जातात पण थांबलेले कुणाच्या नजरेत भरत नाहीत अशा ठिकाणी. ती ठरलेल्या वारी, आठवड्यातून एकदा तरी उघडली जाते. त्यातल्या चिठ्ठीचं उत्तर नाव न घेता परिपाठात किंवा भित्तिपत्रकावर दिलं जातं, मग ती चिठ्ठी पंख्याबद्दल असली तरी. सुरुवातीच्या चिठ्ठ्या पंखा, पाणी आणि स्वच्छतागृहाच्या कडीबद्दलच असतात. मुलं पेटीची परीक्षा घेत असतात. कडी दुरुस्त झाली तर पुढच्या महिन्यात खरी चिठ्ठी येते. कडी तशीच राहिली तर पहिले पाढे पंचावन्न.

शिक्षकांच्या गटात हे सगळं का बसलं नाही? शिक्षक वाईट म्हणून नक्कीच नाही. ज्या सरांनी सकाळी गणिताचे गुण सांगितले, त्यांनाच दुपारी ‘मला भीती वाटते’ कसं सांगायचं? शिवाय त्याच सरांकडे वर्गाची हजेरी, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन भरायची माहिती आणि निवडणुकीचं काम. रात्र थोडी सोंगं फार. सेहर मित्राकडे मात्र दुसरा विषय नव्हता, तास नव्हता, गुणपत्रक नव्हतं.

या कार्यक्रमाला दहापैकी आठ. दोन गुण कापले ते यासाठी की हा एका जिल्ह्यातल्या सरकारी शाळांचा निकाल आहे. शहरातल्या, शिकवणी आणि मोबाइल यांत अडकलेल्या नववीला तो जसाच्या तसा लागू होईलच असं धरून चालता येत नाही. दुसरं म्हणजे, जिथे शाळेचं वातावरण आधीच बरं आहे तिथे सुधारायला जागा कमी उरते.

पॉड : पंचवीस मिनिटांत काय होतं

संगातचाच दुसरा कार्यक्रम ‘प्राइड’, दिल्लीच्या सरकारी शाळांतला. हा सरसकट नाही. ज्या मुलाला त्रास आहे आणि ज्याला मदत हवी आहे त्याच्यासाठी. गाभा तीन पायऱ्यांचा, त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पॉड’ : समस्या, पर्याय, करून बघणे. तीन आठवड्यांत चार-पाच भेटी, प्रत्येक वीस ते तीस मिनिटांची, सोबत चित्रकथांच्या पुस्तिका. समुपदेशक इथेही तज्ज्ञ नव्हते. पदवीधर, प्रशिक्षित, आणि गटाने नियमित एकमेकांचं काम तपासणारे.

भेट कशी चालते? समजा, आठवीतली मुलगी सांगते, ‘रिक्षातली मुलं मला नावं ठेवतात, शाळेत यावंसंच वाटत नाही.’ पहिलं काम : समस्या एका वाक्यात लिहायची आणि तिचा त्रास शून्य ते दहा यांपैकी किती, हे तिनेच सांगायचं. समजा, आठ. मग पर्याय, निदान तीन, आणि वाईट पर्यायसुद्धा कागदावर येऊ द्यायचे : रिक्षा बदलणे, काकांना म्हणजे रिक्षावाल्यांना सांगणे, पुढच्या सीटवर बसणे, उलट शिवी देणे. प्रत्येकाचे फायदे-तोटे तिनेच बोलायचे. एक निवडायचा आणि तो कधी, कुठे, कोणत्या शब्दांत करायचा ते ठरवायचं : ‘उद्या सकाळी रिक्षा आली की आधी पुढची जागा धरायची.’ पुढच्या भेटीत पुन्हा तोच आकडा विचारायचा. सहा झाला तर ठीक. आठच राहिला तर दुसरा पर्याय. मूल स्वतःच्या शब्दांत स्वतःची मुख्य अडचण सांगतं आणि तिलाच गुण देतं, हे मोजमाप फुकट आहे आणि कुठल्याही शाळेला उद्यापासून वापरता येईल.

बिघडतं कुठे, तेही बघू. सगळ्यात मोठी चूक समुपदेशकाची : दहाव्या मिनिटाला सल्ला. ‘तू लक्षच देऊ नकोस, आपोआप गप्प बसतील.’ हे वाक्य मुलीने आईकडून, आजीकडून आणि वर्गातल्या बाईंकडून ऐकलेलं असतं. दुसरी चूक समस्या फार मोठी घेण्याची. ‘घरी सतत भांडणं होतात’ यावर चौदा वर्षांच्या मुलाकडे पर्याय नाही. तिथे समस्या ‘भांडण सुरू झालं की माझा अभ्यास आणि झोप जाते’ एवढी आखूड करावी लागते, तरच करून बघण्याजोगं काही सापडतं. तिसरी अडचण वेळापत्रकाची. पीटीच्या तासाला बोलावलं तर मुलगे येत नाहीत, गणिताच्या तासाला बोलावलं तर सर सोडत नाहीत.

निकाल खरा सांगायचा तर मिश्र. 2020 मध्ये छापून आलेल्या चाचणीत सहा शाळांतल्या सुमारे अडीचशे मुलांपैकी निम्म्यांना समुपदेशक आणि पुस्तिका मिळाल्या, निम्म्यांना नुसत्या पुस्तिका. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींचा आकडा समुपदेशकाच्या गटात जास्त उतरला. एकूण मानसिक लक्षणांच्या प्रश्नावलीत मात्र दोन गटांत ठळक फरक नव्हता. त्यामुळे ‘पॉडने नैराश्य बरं होतं’ असं म्हणता येणार नाही. अडचण हलकी होते, तीही तीन आठवड्यांत, हे म्हणता येतं. दहापैकी सात.

याच प्रकल्पात समोर आलेली एक उपयोगी गोष्ट बाकी कुठलाही कार्यक्रम घेतला तरी उचलावी. मुलं समुपदेशकाकडे आणायची कशी? शिक्षकांवर सोडलं की ते त्रास देणारे मुलगे पाठवतात. खिडकीशी गप्प बसणारी, कधीही वही अपुरी न ठेवणारी मुलगी राहून जाते. दिल्लीत समुपदेशकाने वर्गात जाऊन अर्ध्या तासाच्या आतलं एकच सत्र घेतलं, त्यात एक छोटा व्हिडिओ आणि चर्चा. त्यानंतर मदत मागणाऱ्या मुलांची संख्या कितीतरी पटींनी वाढली. म्हणजे सरसकट तासाचा खरा उपयोग दार दाखवण्यापुरता.

आता एका समुपदेशकाला किती मुलं झेपतात याचा हिशोब, कारण इथेच बहुतेक करार फसतात. दिवसाला सहा भेटी नीट होतात. त्यावर नोंदी, पालक, शिक्षक यांत दिवस जातो. आठवड्याला तीस भेटी. प्रत्येक मुलाला चार-पाच. म्हणजे आठवड्याला सहा-सात मुलांचं काम पूर्ण. परीक्षा, स्नेहसंमेलन, सहली आणि सुट्ट्या वजा जाता वर्षात तीसएक आठवडे हाती येतात : साधारण दोनशे मुलं. आठशे-हजारांच्या शाळेला हे पुरतं. तोच माणूस पाच शाळांना वाटून दिला की प्रत्येक शाळेच्या वाट्याला चाळीस मुलं, आणि ‘ताई कुठल्या वारी येतात?’ हा प्रश्न. ज्या वारी रडू येतं त्या वारी ताई नसतात.

याम, आणि पुण्याचा धागा

युरोपात तयार झालेला ‘याम’ हा कार्यक्रम आत्महत्या रोखण्याच्या दृष्टीने वेगळा ठरतो. एकूण पाच तास, साधारण महिनाभरात : तीन तास भूमिकानाट्य, दोन तास संवादी सत्रं, 32 पानांची पुस्तिका आणि वर्गात सहा भित्तिफलक. दहा देशांतल्या 168 शाळा आणि 11,110 विद्यार्थी असलेल्या चाचणीचा निकाल 2015 मध्ये आला. वर्षभरानंतर आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या मुलांचं प्रमाण यामच्या गटात 0.70 टक्के, तुलनेच्या गटात 1.51 टक्के. लक्षात घ्यावं की तीन महिन्यांनी मोजलं तेव्हा फरक नव्हता. तो वर्षाने दिसला. त्याच चाचणीत शिक्षकांना धोक्याची लक्षणं ओळखायचं प्रशिक्षण देण्याचाही एक गट होता. त्याचा ठळक फायदा दिसला नाही.

आपल्याशी याचा संबंध असा : पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतल्या मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्राने गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात ‘स्पिरिट’ या प्रकल्पात शाळांमध्ये याम घेतला, आणि त्याला गावात कीटकनाशकं सामायिक सुरक्षित साठ्यात ठेवण्याची आणि आरोग्य-कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाची जोड दिली. शेतकरी घरातल्या मुलाच्या हाताशी काय असतं हे ठाऊक असलेल्यांनी आखलेली योजना. शाळेच्या भिंतीआड सगळं आटोपत नाही, हे इथे कार्यक्रमाच्या रचनेतच आलं.

यामचं भूमिकानाट्य हे त्याचं बळ आणि तोच कच्चा दुवा. मुलांनी प्रसंग स्वतः रचायचा, स्वतः सोडवायचा. पाहुण्याने निष्कर्ष सांगायचा नाही. आपल्याकडे पाचव्या मिनिटाला ‘मग यातून आपण काय शिकलो?’ विचारलं जातं आणि मुलं सुविचार म्हणून दाखवतात. साठ-सत्तरच्या तुकडीत एका माणसाला हे झेपत नाही. तुकडी दोन भागांत करावी लागते.

बाकीच्यांचं थोडक्यात

केनियातलं ‘शमिरी’ : नुकतीच शाळा संपवलेली तरुण मुलं त्रास असलेल्या विद्यार्थ्यांचे छोटे गट घेतात, आठवड्याला एक तास, चार आठवडे. 413 मुलांच्या चाचणीत नैराश्य आणि चिंता दोन्ही घटले, आणि तेही अभ्यासकौशल्यांचे तितकेच तास घेतलेल्या गटाशी तुलना करून. स्वस्त आणि सुटसुटीत. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांत आणि समाजकार्याच्या महाविद्यालयांत याला माणसं मिळू शकतील.

इंग्लंडमधलं ‘डिस्कव्हर’ : सोळा ते अठरा वयासाठी एक दिवसाची कार्यशाळा, नाव मुलाने स्वतः नोंदवायचं, नंतर पाठपुरावा. 57 शाळांतले 900 विद्यार्थी, 2024 चा निकाल, सहा महिन्यांनी नैराश्यात छोटा पण खरा फरक. शीर्षकात ‘ताण’ हा शब्द, ‘नैराश्य’ नाही. त्यामुळे अकरावी-बारावीची मुलं येतात. अकरावी-बारावीसाठी काही घ्यायचंच असेल तर याचा साचा बघावा.

बिहारमधलं मुलींसाठीचं ‘गर्ल्स फर्स्ट’ : 57 सरकारी शाळा, 2,308 मुली, स्थानिक बायका गट चालवायच्या. आत्मविश्वास, सावरण्याची ताकद, मैत्री यांत चांगली वाढ. नैराश्यात फरक नाही. चांगला कार्यक्रम आहे, फक्त नैराश्य रोखण्यासाठी म्हणून घेऊ नये.

सरकारी शालेय आरोग्य कार्यक्रम, 2020 पासूनचा : प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक ‘आरोग्यदूत’, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, अकरा विषय, आठवड्याला एक तास. भावनिक आरोग्य हा त्यातला एक विषय. साहित्य वाईट नाही, फुकट आहे, ओळख करून द्यायला पुरेसं आहे. पण कणा शिक्षकांचाच, आणि नालंदात त्या कण्याचं काय झालं ते वर आलंच आहे. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं; त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी ठेवायची. ‘आमचे हेच शिक्षक समुपदेशकही आहेत’ अशी कागदोपत्री सोय करण्याचा मोह इथेच होतो.

करारावर सही करण्याआधी

पहिलं, चाचणी-तक्ते. बरेच विक्रेते पहिल्याच दिवशी हजार मुलांकडून पीएचक्यू-9 भरून घेतात आणि रंगीत आलेख देतात. त्या तक्त्यातला नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल आहे. ज्या मुलाने तिथे ‘जवळजवळ रोज’ अशी खूण केली, त्याच्याशी त्याच दिवशी कोण बोलणार, हे आधी ठरलेलं नसेल तर तो तक्ता वाटूच नये. गठ्ठा आठवडाभर गाडीच्या डिकीत पडून राहतो आणि निकाल महिन्याने येतो, ही सेवा नाही. भरलेले तक्ते वर्गशिक्षकाच्या हातात जाता कामा नयेत, आणि आलेखात तुकडीनिहाय आकडे नकोत. तीस मुलींच्या तुकडीत ‘एक’ हा आकडा म्हणजे नावच.

दुसरं, गुप्ततेची हद्द. ‘तू सांगशील ते माझ्यापाशीच राहील’ असं म्हणणारा समुपदेशक नको. जिवाला धोका असेल तर पालकांना सांगावं लागतं. लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार कळवणं बंधनकारक आहे. हे मुलाला पहिल्या भेटीत, पहिल्या पाच मिनिटांत, त्याला कळेल अशा शब्दांत सांगितलं जातं का ते विचारावं. पालकांची संमती जूनच्या पहिल्या पालकसभेत घ्यावी; मूल रडत खोलीत आल्यावर फॉर्म शोधण्यात अर्थ नाही.

तिसरं, खोली. दार स्टाफरूमसमोर नको. खेळाचं सामान, तुटकी बाकं आणि विज्ञान प्रदर्शनाचे थर्माकोल यांच्यामध्ये दोन खुर्च्या, ही खोली नव्हे. बाहेरून माणसं दिसतील पण आवाज येणार नाही, अशी जागा लागते.

चौथं, करारात एक ओळ स्पष्ट हवी : समुपदेशकाला ऑफ तास दिले जाणार नाहीत. सप्टेंबरमध्ये दोन शिक्षक प्रशिक्षणाला जातात, मोकळा दिसणारा माणूस एकच असतो, आणि दिवाळीपर्यंत तो नववी-ब ला इतिहास शिकवत असतो. मग मुलांसाठी तो आणखी एक सर.

पाचवं, देखरेख. हे काम करणाऱ्या माणसाचं काम कोण तपासतं, किती वारंवार, आणि त्याच्या हाताबाहेरची केस कुठे जाते? जवळच्या जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातल्या माणसाशी आधी बोलणं झालेलं असावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मराठीतही चालतो आणि चोवीस तास चालतो; तो मुलींच्या आणि मुलग्यांच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून चिकटवावा, सूचनाफलकावर तो कुणी उभं राहून उतरवून घेत नाही.

सुरुवातीचा महिना जून-जुलै. पहिले सहा आठवडे नुसती ओळख : परिपाठ, भित्तिपत्रक, पेटी, वर्गावर्गातलं एकेक सत्र. ऑगस्टपासून भेटी. सहामाहीनंतर पहिला आढावा, आणि त्यात विचारायचे आकडे तीनच : किती मुलं स्वतःहून आली, त्यातल्या किती जणांनी ठरलेल्या भेटी पूर्ण केल्या, आणि त्यांनी स्वतः दिलेला आकडा आठावरून कितीवर आला. विक्रेत्याकडे पहिला आकडा असतो. उरलेले दोन मागितले की ‘पाठवतो’ म्हणतात.